चोवीस बशा, दोन मांड्या

गेली दोन वर्षे मी ज्या शिल्पावर काम करत होते ते गेल्या महिन्यात पूर्ण झाले. मात्र ते पूर्ण होता होता माझ्याच हातून त्यात एक अशी चूक झाली, की तिच्याविषयी लिहिल्याशिवाय ते काम हातावेगळे झाले असे मला म्हणवत नाही. शिल्पाचा विषय आहे प्रयोगशाळेच्या मदतीने होणारी गर्भधारणा, म्हणजे आयव्हीएफ आणि तिच्या अवतीभवतीची तंत्रे, आणि त्यातही त्या प्रक्रियेत घडणाऱ्या चुका. एकीचे भ्रूण दुसरीच्या गर्भाशयात सोडले जाते, शुक्राणूंच्या नळ्यांची अदलाबदल होते, गोठवून ठेवलेली बीजे टाकीतल्या टाकीत नष्ट होतात. यातले काहीही वारंवार घडत नाही, पण ज्यांच्या बाबतीत घडते त्यांच्या आयुष्याचे सगळे हिशेब बदलून जातात.

हा विषय मी बाहेरून उचललेला नाही. सात वर्षांपूर्वी आम्ही दोघे या उपचारांतून गेलो. भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या दिवशी मी टेबलावर पडलेली होते. प्रयोगशाळा आणि ती खोली यांच्यामधली छोटी खिडकी उघडली आणि आतल्या भ्रूणतज्ज्ञ बाईंनी माझे नाव आणि जन्मतारीख मोठ्याने वाचली. नाव माझे होते, दिवस आणि महिनाही माझा होता, वर्ष माझे नव्हते. मी "नाही" म्हणाले, तेव्हा खोलीतले सगळे हात एकदम थांबले. खिडकी बंद झाली. वीस मिनिटांनी ती पुन्हा उघडली, या वेळी वर्ष बरोबर वाचले गेले, आणि कागदावर वर्ष चुकीचे उतरले होते, भ्रूण ठेवलेली डिश मात्र तुमचीच आहे, असे मला सांगण्यात आले. मी विश्वास ठेवला, कारण त्या अवस्थेत माणसाला दुसरे काही करता येत नाही. त्या खेपेला गर्भ राहिला नाही. त्यामुळे ती डिश खरोखर कोणाची होती हे पडताळून पाहण्यासारखे काही उरलेच नाही, शंका तेवढी उरली. आमची दोन भ्रूणे अजून गोठवलेली आहेत आणि दरवर्षी त्यांच्याविषयी एक फॉर्म येतो, ज्यावर तीन चौकटी असतात : पुढे ठेवायची, संशोधनाला द्यायची, की नष्ट करायची. दरवर्षी आम्ही पहिल्या चौकटीत खूण करतो आणि त्याविषयी आपसांत फार बोलत नाही.

चुकीचे शिल्प करायचे म्हणजे नेमके कशाचे करायचे, हा प्रश्न पहिल्या वर्षात मला नीट पडलाच नव्हता. मातीकाम करणाऱ्याचा हात सवयीने शरीराकडे जातो. चूक म्हटली की ती शरीरात दाखवावी, पिळलेला कणा, दोन तोंडांचे डोके, जास्तीची बोटे, असेच काहीतरी सुचत राहते, आणि मीही तेच केले. तारेचा सांगाडा उभा करून त्यावर मी आठ महिन्यांच्या गर्भाएवढी एक आकृती घडवली, जिच्या चेहऱ्याचा एक अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्याशी जुळत नव्हता. बघणारे अस्वस्थ होत असत आणि मला ते यश वाटत असे. मग एका संध्याकाळी तिच्यावर ओले कापड टाकताना माझ्या लक्षात आले, की मी एक धडधडीत खोटे घडवले आहे. प्रयोगशाळेत नळ्यांची अदलाबदल झाली म्हणून मूल वेडेवाकडे होत नाही. ते अगदी धड, निरोगी आणि सुंदर जन्माला येते. चूक त्याच्या शरीरात कुठेही नसते. ती असते डिशवर चिकटवलेल्या चिठ्ठीत, पिपेट धरलेल्या मनगटात, टाकीतल्या द्रव नायट्रोजनच्या पातळीत. मी ती आकृती मोडली आणि माती पुन्हा टबात टाकली.

इंग्लंडमधल्या लीड्स शहरातले २००२ साली उघडकीस आलेले प्रकरण मी तेव्हा पुन्हा वाचायला घेतले. एका गोऱ्या जोडप्याला उपचारांनंतर जुळी मुले झाली आणि त्या मुलांच्या कातडीच्या रंगावरून कळले, की त्या बाईंच्या स्त्रीबीजांशी त्यांच्या नवऱ्याच्या नव्हे, तर त्याच ठिकाणी उपचार घेणाऱ्या दुसऱ्या एका पुरुषाच्या शुक्राणूंचा संयोग झाला होता. २००३ साली न्यायालयाने तो दुसरा पुरुषच कायद्याने त्या मुलांचा पिता ठरतो असा निर्णय दिला. मुले मात्र ज्या घरात वाढत होती त्याच घरात राहिली. न्यायाधीशांनी पक्षकारांची नावे उघड होऊ दिली नाहीत, त्यामुळे कागदोपत्री ती सगळी माणसे केवळ 'ए' आणि 'बी' अशी अक्षरे बनून राहिली आहेत. नेदरलँड्समध्ये १९९३ साली जन्मलेल्या जुळ्यांच्या बाबतीतही चूक अशीच रंगावरून कळली होती, एक मूल गोरे आणि एक सावळे निघाले होते. या दोन्ही प्रकरणांत मला जी गोष्ट सर्वांत जास्त सलते ती ही, की चूक कळली ती केवळ रंग वेगळा होता म्हणून. दोन्ही जोडपी एकाच वर्णाची असती, तर नाक कोणावर गेले आणि हनुवटी कोणावर गेली याविषयी दोन्हीकडच्या आज्या समाधानाने बोलत राहिल्या असत्या. अशा न कळलेल्या चुका किती, हे कोणालाही मोजता येणार नाही, आणि म्हणूनच दिसणाऱ्या विकृतीचे शिल्प या विषयाला न्याय देऊ शकत नाही असे माझे ठाम मत झाले.

या वाटेवर आधी कोण कोण चालून गेले आहे ते पाहणे भाग होते. गर्भाच्या प्रवासावरचे जगातले सर्वांत मोठे शिल्पकाम बहुधा ब्रिटिश कलावंत डेमियन हर्स्ट यांचे असावे. कतारमधल्या दोहा शहरात सिद्रा रुग्णालयासमोर त्यांची ब्राँझची चौदा शिल्पे उभी आहेत. बीजसंयोगापासून सुरू होणारी ही मालिका सुमारे चौदा मीटर उंचीच्या नवजात मुलग्यापाशी संपते. २०१३ साली त्यांचे अनावरण झाले, मग ती कित्येक वर्षे झाकून ठेवण्यात आली आणि २०१८ साली पुन्हा खुली झाली. त्या कामातले कौशल्य मी मान्य करते, पण त्यात एकही मानवी हात नाही. गर्भ जणू आपल्याच बळावर, कोणाच्याही मदतीशिवाय वाढत जातो. ज्यांनी प्रयोगशाळेची खिडकी पाहिली आहे त्यांना हा प्रवास आपला वाटत नाही, कारण आमच्या वाट्याला आलेल्या प्रवासात पदोपदी कोणाचा तरी हातमोजा घातलेला हात होता.

पॅट्रिशिया पिचिनिनी या ऑस्ट्रेलियन कलावतीचे काम मला अधिक जवळचे वाटते. सिलिकॉन आणि खरे केस वापरून त्यांनी २००२ साली केलेल्या 'द यंग फॅमिली' या शिल्पात माणूस आणि डुकरीण यांच्या मधला वाटावा असा एक जीव कुशीवर पडून आपल्या पिलांना पाजतो आहे. पहिल्या क्षणी आपण दचकतो, पण थोडा वेळ थांबलो की त्या जिवाच्या डोळ्यांतला थकवा दिसू लागतो. तो कोणत्याही बाळंतिणीच्या डोळ्यांत असतो तसाच आहे. आपण जे निर्माण केले त्याची जबाबदारी आपण घेणार आहोत का, हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो अगदी योग्य प्रश्न आहे. तरीही तो वेगळ्या दिसणाऱ्या शरीरातूनच विचारला जातो. माझ्या विषयात शरीर वेगळे दिसत नाही, हीच तर माझी अडचण होती.

मला खरी वाट दाखवली ती ब्रिटिश कलावंत मार्क क्विन यांच्या 'सेल्फ' या शिल्पाने, ज्याचा वरवर पाहता या विषयाशी काही संबंध नाही. १९९१ साली त्यांनी स्वतःच्या डोक्याचा साचा घेऊन त्यात स्वतःचेच सुमारे साडेचार लिटर रक्त गोठवले, जे अनेक महिने थोडे थोडे करून काढून साठवलेले होते. ते शिर शीतपेटीत ठेवावे लागते. वीज गेली आणि पर्यायी सोय झाली नाही, तर त्याचा आकार वितळून जाईल. शिल्प म्हणजे टिकाऊ वस्तू, दगडाची किंवा धातूची, हा आमच्या व्यवसायातला मूळ समज त्या एका कामाने हलवला. आकार टिकून आहे तो पदार्थामुळे नाही, कोणीतरी यंत्र चालू ठेवते आहे म्हणून, हे त्यातून डोळ्यांना दिसते.

गोठवलेल्या भ्रूणांची अवस्था हीच असते. उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये ती ठेवलेली असतात. टाकीला वीज लागत नाही, पण नायट्रोजन सतत उडून जात असतो आणि तो कोणीतरी वेळच्या वेळी भरावा लागतो. २०१८ च्या मार्च महिन्यात अमेरिकेत एकाच शनिवार-रविवारी, एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दोन ठिकाणी, क्लीव्हलंडला आणि सॅन फ्रान्सिस्कोला, साठवणुकीच्या टाक्यांनी दगा दिला. एकट्या क्लीव्हलंडमध्ये चार हजारांहून अधिक स्त्रीबीजे आणि भ्रूणे गेली. तिथे तापमान वाढल्यावर कर्मचाऱ्यांना दूरवरून कळवणारी धोक्याची सूचना बंद ठेवलेली होती असे पुढे निष्पन्न झाले. त्या बीजांमध्ये कर्करोगावरच्या उपचारांपूर्वी साठवून ठेवलेली बीजेही होती, म्हणजे ज्यांना पुन्हा बीजे देता येणार नव्हती अशा स्त्रियांची.

आणखी एक घटना मी कामाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली होती. २०२० साली अलाबामा राज्यातल्या एका रुग्णालयात एक रुग्ण उघड्या राहिलेल्या दारातून साठवणुकीच्या खोलीत शिरला, त्याने टाकीत हात घालून भ्रूणे बाहेर काढली, त्या विलक्षण थंडीने त्याचा हात पोळला आणि ती त्याच्या हातून जमिनीवर पडली. २०२४ च्या फेब्रुवारीत त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या गोठवलेल्या भ्रूणांना कायद्याच्या दृष्टीने 'मूल' मानता येईल असा निर्णय दिला आणि त्या धास्तीने राज्यातल्या काही रुग्णालयांनी हे उपचारच काही काळ थांबवले. भ्रूण म्हणजे मूल की वस्तू, यावर माझे उत्तर दोन्हीपैकी एकही नाही, आणि कायद्याला तिसरे नाव सुचत नाही याचे मला वाईट वाटते. पण मातीकाम करणारी म्हणून माझ्या डोक्यातून जात नाही तो पोळलेला हात. थंडीनेही हात भाजतो, आणि भाजला की तो आपोआप उघडतो.

हातांविषयी बोलायचे तर जीन पर्डी यांना वगळता येत नाही. २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राउन यांचा, म्हणजे आयव्हीएफमधून जगात आलेल्या पहिल्या बाळाचा, जन्म झाला, तेव्हापासून तो घडवून आणणारे शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स आणि डॉक्टर पॅट्रिक स्टेप्टो ही दोन नावे सगळ्यांना माहीत झाली. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या आणि ते भ्रूण विभागले जात असताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या पर्डी यांचे नाव मात्र रुग्णालयाच्या स्मृतिफलकावर आले नाही, ते यावे म्हणून एडवर्ड्स यांनी स्वतः आग्रह धरूनसुद्धा. १९८५ साली त्या वारल्या. त्यांच्या नावासह नवा फलक लागला तो २०१५ साली. त्याच १९७८ च्या ऑक्टोबरात कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली, त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, आणि १९८१ साली त्यांनी आयुष्य संपवले. मुलांच्या चिठ्ठ्या चुकण्याच्या कितीतरी आधी या शास्त्राने माणसांच्या नावांच्या चिठ्ठ्या चुकवलेल्या आहेत.

फसवणुकीचा प्रश्न मी शिल्पातून मुद्दाम बाहेर ठेवला. इंडियाना राज्यातल्या एका डॉक्टराने रुग्ण स्त्रियांना न सांगता स्वतःचेच शुक्राणू वापरले होते आणि २०१७ साली त्याला शिक्षा झाली ती तपास करणाऱ्यांशी खोटे बोलल्याबद्दल, कारण मूळ कृत्याला लागू पडेल असा कायदाच तेव्हा त्या राज्यात नव्हता. तो अपराध आहे आणि अपराधाला अपराध म्हणावे. चुकीच्या शेजारी तो मांडला, की चूक करणारा थकलेला माणूस आणि ठरवून खोटे वागणारा माणूस एका रांगेत बसतात.

या सगळ्या वाचनातून शिल्पाचा पहिला भाग निघाला तो न्यू यॉर्कमधल्या एका प्रकरणामुळे. १९९८ साली तिथल्या एका स्त्रीच्या गर्भाशयात तिच्या स्वतःच्या भ्रूणांबरोबर दुसऱ्या जोडप्याचीही भ्रूणे चुकून सोडली गेली आणि डिसेंबरात तिला दोन मुलगे झाले, एक तिचा स्वतःचा आणि एक त्या दुसऱ्या जोडप्याचा. काही महिने दोघांना वाढवल्यानंतर तिने दुसरा मुलगा त्याच्या जनुकीय आईवडिलांच्या स्वाधीन केला. पुढे भेटीगाठींवरून वाद झाला आणि तिला त्या मुलाला भेटत राहण्याचा हक्क न्यायालयाने नाकारला. या कथेतल्या चौघांपैकी एकाचाही दोष नव्हता, आणि तरी चौघांनाही काही ना काही गमवावे लागले. आपल्या भाषेत मूल 'मांडीवर घेतात', मूल 'ओटीत घालतात'. हे शब्दप्रयोग मनात घोळत असताना मला कळले, की मला मूल घडवायचेच नाही, मला मांड्या घडवायच्या आहेत. मी दोन बसलेल्या स्त्रियांचे कमरेपासून गुडघ्यांपर्यंतचे भाग प्लास्टरमध्ये ओतले. दोन्हींच्या मांडीवरच्या वस्त्रात एकसारखाच खळगा आहे, साडेतीन किलोंचे ओझे बराच वेळ ठेवून उचलल्यावर जसा राहील तसा. तो खळगा कोरलेला नाही. मी तेवढ्याच वजनाची वाळूची पिशवी ओल्या प्लास्टरमध्ये भिजवलेल्या कापडावर ठेवून ते घट्ट होईपर्यंत वाट पाहिली.

मूल का नाही, असे स्टुडिओत येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने विचारले. अदलाबदलीतून जन्मलेली मुले आता मोठी झाली आहेत, त्यांतल्या काहींनी तर तिशी ओलांडली आहे. त्यांच्यापैकी कोणी उद्या या शिल्पासमोर उभे राहिले, तर 'चूक' या शीर्षकाखाली आपल्या बाळपणाची आकृती मांडलेली त्यांना दिसावी, हे मला सहन झाले नसते. चूक घडली ती त्यांच्या जन्माआधी. ती माणसे चूक नाहीत.

दुसरा भाग म्हणजे लांब टेबलावर एका रांगेत ठेवलेल्या मेणाच्या चोवीस बशा. प्रत्येक बशीचा व्यास सहा सेंटिमीटर, प्रयोगशाळेतल्या डिशच्या मापाचा. प्रत्येकीच्या मध्यभागी मला मिळाली तेवढ्या बारीक सुईने मी एक टोचा दिला आहे. मानवी स्त्रीबीज सुमारे एक दशांश मिलिमीटरचे असते. चांगल्या उजेडात, कोणी दाखवून दिले तर, एखादा ठिपका आहे एवढेच डोळ्यांना कळते, आणि तो टोचाही तसाच आहे, बशी तिरपी धरल्याशिवाय दिसत नाही. चोवीस जणांनी माझ्यासाठी आपापल्या अंगठ्याचे दोन ठसे दिले, एक कोमट मेणाच्या बशीच्या काठावर आणि एक ओल्या मातीच्या चकतीवर. चकत्या मी भट्टीत भाजल्या आणि एकेक चकती दोऱ्याने आपापल्या बशीला बांधली. माती भाजली की आक्रसते, माझी ही माती जवळजवळ एक दशांशाने आक्रसते, त्यामुळे चकतीवरचा अंगठा बशीवरच्या अंगठ्यापेक्षा किंचित लहान दिसतो आणि दोन्ही ठसे एकाच माणसाचे आहेत का हे ठरवायला भिंगाखाली रेघ न् रेघ पाहावी लागते. मग मी मुद्दाम अकराव्या आणि सतराव्या बशीच्या चकत्यांची अदलाबदल केली. टेबलावर एक भिंग आणि एक वाक्य ठेवले : 'कृपया प्रत्येक चकती आपल्या बशीचीच आहे याची खात्री करावी.'

काही जणांना गांधारीच्या तुपाच्या कुंभांची आठवण झाली. ती कथा मला प्रिय आहे, पण इथे ती लागू पडत नाही, कारण तिथले सगळे कुंभ एकाच आईचे होते. कुंभ इकडचा तिकडे झाला असता तरी कोणाचेच काही बिघडले नसते. प्रश्न सुरू होतो तो एकाच खोलीत अनेक आयांचे कुंभ ठेवले जातात तेव्हा.

काम बाहेर पाठवण्याआधी मी ओळखीच्या नऊ जणांना बोलावून टेबलासमोर उभे केले. सगळी हुशार, मन लावून काम करणारी माणसे. पहिली बशी त्यांनी फार बारकाईने पाहिली, दुसरीही पाहिली, चौथीपासून त्यांचा वेग वाढला, आठव्या-नवव्या बशीला भिंग नुसते वरून फिरू लागले, आणि अकरावी सगळ्यांनी "बरोबर" म्हणून ओलांडली. लीड्सच्या प्रकरणानंतर प्राध्यापक ब्रायन टॉफ्ट यांनी चौकशी करून २००४ साली जो अहवाल दिला त्याच्याभोवतीच्या लेखनात नेमके हेच आले आहे. तीच तपासणी पुन्हा पुन्हा केली आणि प्रत्येक वेळी सगळे ठीकच निघाले, की तपासणाऱ्याला जे दिसायला हवे तेच दिसू लागते. तो आळशी नसतो आणि खोटेही बोलत नसतो. त्याचे डोळे पाहतात, तोंड "तपासले" म्हणते, आणि मधल्या मध्ये तपासणी झालेलीच नसते. दुसऱ्या माणसाची साक्ष ठेवावी, तर तो दुसराही पहिल्याच्या भरवशावर मान डोलावतो. आता अनेक प्रयोगशाळांत बारकोड किंवा रेडिओ लहरींनी ओळखली जाणारी लेबले वापरतात आणि चुकीच्या दोन डिश एका टेबलावर आल्या की यंत्र ओरडते. हे फार चांगले झाले आहे. तरी पहिले लेबल चिकटवणारा हात माणसाचाच राहतो.

शेवटी मी एका निवृत्त भ्रूणतज्ज्ञ बाईंना बोलावले, ज्यांनी सव्वीस वर्षे हे काम केले होते. त्या खुर्ची ओढून बसल्या, पाण्याचा पेला दूर सरकवला, माझा मोबाइल खोलीबाहेर ठेवायला लावला आणि पन्नास मिनिटे एकही शब्द न बोलता चोवीस बशा पाहिल्या. मग म्हणाल्या, "अकरा आणि सतरा तुम्ही मुद्दाम बदललेत, ते समजले. चार आणि पाचसुद्धा मुद्दाम का?"

चार आणि पाच मी बदललेले नव्हते. मी भिंग घेऊन पाहिले. चौथ्या बशीवरच्या अंगठ्यात मधोमध भोवरा होता आणि चकतीवर कमान होती. पाचवीत बरोबर उलटे. माझ्या पोटात खड्डा पडला.

हे कसे झाले ते शोधायला मला रात्रभर लागले. चकत्या भट्टीतून निघाल्या तेव्हा मी त्या ओळीने मांडल्या होत्या आणि पाठीमागे पेन्सिलने आकडे घालत होते. तीन आकडे घालून झाल्यावर पेन्सिलीचे टोक मोडले. हातात होत्या त्या दोन चकत्या मी टेबलावर ठेवल्या, टोक केले आणि पुन्हा उचलल्या. एवढेच. पुढे बांधताना मी आणि मला मदत करणारा मुलगा, आम्ही दोघांनी मिळून प्रत्येक जोडी तपासली होती. मी बशीखालचा आकडा वाचायची, तो चकतीमागचा आकडा पाहून "बरोबर, ताई" म्हणायचा. चोवीसच्या चोवीस वेळा ते बरोबरच होते, कारण आम्ही आकड्याशी आकडा जुळवत होतो. अंगठ्याशी अंगठा आम्ही दोघांनीही एकदासुद्धा जुळवला नाही. त्या मुलाला मी हे सांगितले तेव्हा त्याचे डोळे भरून आले, आणि मला त्याला समजवावे लागले की चूक त्याच्या तपासणीच्या आधी, माझ्या हातून झालेली आहे. सात वर्षांपूर्वी त्या खिडकीआडच्या बाईंवर मी मनातल्या मनात किती राग धरला होता, ते त्या रात्री मला आठवत राहिले. तो राग चुकीचा होता असे मी म्हणत नाही. त्या वीस मिनिटांत खिडकीच्या पलीकडे त्यांचे हात कसे झाले असतील, हे मात्र मला प्रथमच कळले.

चार दिवसांनी काम पाठवायचे होते. कोणालाही कळले नसते, आणि दोन अदलाबदली एकीपेक्षा प्रभावी आहेत असेही एका मित्राने सुचवले. पहिला दिवस मी खरोखर त्या विचारात घालवला, हे इथे लिहिलेच पाहिजे, कारण प्रयोगशाळेतल्या चुकीनंतर नीतीचा सगळा प्रश्न त्या पहिल्या दिवसापाशीच येऊन थांबतो. चूक अनवधानाने होते. ती न सांगणे मात्र जाणूनबुजून घडते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही काढून चौथ्या आणि पाचव्या ठशाची नावे पाहिली आणि दोघांनाही फोन केले.

चौथा अंगठा एका निवृत्त शिक्षकांचा होता. ते मनापासून हसले आणि म्हणाले, "अहो, राहू द्या, दुसऱ्याच्या बशीवर बसायला माझी काही हरकत नाही." पाचवा अंगठा एका तरुण मुलीचा होता, जिचे आयव्हीएफचे तीन प्रयत्न आजवर वाया गेले आहेत. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "तुम्ही कधी बांधणार आहात? मी येऊ का?"

ती दुसऱ्या दिवशी आली. मी दोरे कापून दोन्ही चकत्या तिच्या तळहातावर ठेवल्या. तिने भिंगाखाली आपल्या अंगठ्याकडे पाहिले, मग चकतीकडे, मग बशीच्या काठाकडे, आणि पुन्हा अंगठ्याकडे. लहानपणी भाजल्याची एक बारीक आडवी रेघ तिच्या अंगठ्यावर आहे, ती मेणातही उमटली होती आणि मातीतही, मातीत थोडी आखूड. तिने स्वतः गाठ मारली, मग शिक्षकांचीही चकती त्यांच्या बशीला बांधली. मला वाटले आता ती उठेल. तिने खुर्ची थोडी पुढे सरकवली आणि भिंग सहाव्या बशीवर धरले.